पासवर्ड असलेल्या एक्सेल फायली मॅक्रोने उघडायच्या आहेत, मदत हवी

पेरोल_लोअरपरळ

नमस्कार मंडळी. मी लोअर परळला एका ऑफिसमध्ये पेरोल बघते. आमच्या एका क्लायंटच्या वसई, भिवंडी, ठाणे, वाशी, पनवेल अशा बऱ्याच शाखा आहेत आणि दर महिन्याला प्रत्येक शाखेकडून हजेरी आणि पगाराची एक एक्सेल फाइल मेलवर येते. प्रत्येक फाइलला उघडायचा पासवर्ड आहे आणि प्रत्येक शाखेचा पासवर्ड वेगळा. तो असायलाच हवा, आत माणसांचे पगार, पॅन नंबर, बँकेचे खाते नंबर असतात, त्यामुळे पासवर्ड काढून पाठवा असं मी त्यांना कधीच सांगणार नाही. अडचण एवढीच की हे सगळं एका शीटमध्ये आणायला माझे दोन दिवस जातात, फाइल उघडा, डायरीत पासवर्ड शोधा, टाका, कॉपी करा, बंद करा, पुढची उघडा, आणि १५ तारखेच्या आत पीएफ आणि ईएसआयचं चलान भरायचंच असतं.

मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम) रेकॉर्ड करून बघितला तर त्यात फाइलचं नाव तेवढं येतं, मी टाइप केलेला पासवर्ड येत नाही, त्यामुळे मॅक्रो चालवला की पुन्हा पासवर्डची खिडकी समोर. पॉवर क्वेरी (एक्सेलमधली दुसऱ्या फायलींतून डेटा ओढून आणायची सोय) पण करून बघितली, ती म्हणते फाइलमधला डेटा करप्ट आहे. फाइल तर हाताने व्यवस्थित उघडते. कोणी सांगेल का?

गिरगावकर

ताई, फाइल करप्ट नाहीये, घाबरू नका. पॉवर क्वेरीला पासवर्डवाली फाइल वाचताच येत नाही आणि ती जो मेसेज देते त्याने सगळेच गोंधळतात. साधी एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे आतून झिप असते, पण उघडायचा पासवर्ड लावला की सगळा मजकूर एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारा होऊन, वेगळ्याच डब्यात जातो, क्वेरी झिप शोधते, तिला ती मिळत नाही, म्हणून ती करप्ट म्हणते. तेव्हा तो रस्ता सोडा, मॅक्रोच बरा.

मॅक्रोमध्ये वर्कबुक्स डॉट ओपन या कमांडलाच पासवर्ड द्यायची सोय आहे, रेकॉर्डर ती लिहीत नाही एवढंच. इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही एडिटरमध्ये, म्हणजे मॅक्रोचा कोड लिहायच्या खिडकीत, इंग्रजीत टाइप करा (पाथ म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता, पास म्हणजे तिचा पासवर्ड):

सेट डब्ल्यूबी = वर्कबुक्स.ओपन(फाइलनेम:=पाथ, अपडेटलिंक्स:=०, रीडओन्ली:=ट्रू, पासवर्ड:=पास)

नाव लिहून कोलन आणि बरोबरचं चिन्ह (:=), असंच लिहा. बरेच जण नुसते स्वल्पविराम देत जातात आणि एक स्वल्पविराम कमी पडला की पासवर्ड चौथ्या जागेवर जातो, ती जागा फॉरमॅटची आहे, पासवर्डची पाचवी. मग पासवर्ड बरोबर असून फाइल उघडत नाही आणि माणूस शाखेला फोन करून भांडत बसतो. अपडेटलिंक्स शून्य द्या म्हणजे लिंक अपडेट करू का हा प्रश्न येणार नाही. रीडओन्ली ट्रू द्या म्हणजे शाखेच्या मूळ फाइलला चुकून धक्का लागणार नाही. काम झालं की डब्ल्यूबी.क्लोज सेव्हचेंजेस:=फॉल्स.

पेरोल_लोअरपरळ

वा, एका फाइलवर लगेच चाललं! खूप खूप आभार. आता सगळ्या फायलींना एकामागोमाग कसं लावू? पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा आहे ना.

ठाणेकर_सीए

एक शीट करा, पहिल्या कॉलममध्ये शाखेच्या फाइलचं नाव, दुसऱ्यात पासवर्ड, तिसरा कॉलम निकालासाठी रिकामा. मॅक्रो वरून खाली येत जाईल, नाव वाचेल, पासवर्ड वाचेल, फाइल उघडेल, हवा तो भाग व्हॅल्यू म्हणून उचलेल, बंद करेल आणि तिसऱ्या कॉलममध्ये झालं की नाही ते लिहील. हा तिसरा कॉलम टाळू नका, महिनाअखेरीच्या घाईत कुठली शाखा राहिली हे त्यावरूनच कळतं.

आणि एक फार महत्त्वाचं, पासवर्डचा कॉलम आधी टेक्स्ट फॉरमॅट करा आणि मग पासवर्ड टाइप करा, उलट नाही. आमच्याकडे एका शाखेचा पासवर्ड शून्याने सुरू व्हायचा, ००४१२ असं काहीतरी, सेलमध्ये टाकला की एक्सेलने पुढची शून्यं खाल्ली आणि उरलं ४१२. दुसरीकडे पासवर्ड होता ०१-०४, त्याची एक्सेलने तारीख करून टाकली, सेलमध्ये १ एप्रिल आणि मॅक्रोला मिळाली पूर्ण तारीख, वर्षासकट. नंतर फॉरमॅट टेक्स्ट करून उपयोग नाही, तोपर्यंत मूळ अक्षरं गेलेली असतात, पुन्हा टाइपच करावं लागतं. वाचताना सीएसटीआर (व्हॅल्यूचा मजकूर करणारं फंक्शन) लावा म्हणजे ते मजकूर म्हणूनच पुढे जातं. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी करून पेस्ट केलेल्या पासवर्डच्या शेवटी स्पेस चिकटून येते, ती पण बघा. आणि पासवर्डला मोठी-छोटी अक्षरं वेगळी, वाशीचा व्ही मोठा की छोटा हे शाखेलाच विचारून घ्या.

मुलुंड_पूर्व

+१. ज्या शाखा अधूनमधून पासवर्ड न लावताच फाइल पाठवतात त्यांचीही काळजी नको, फाइलला पासवर्ड नसेल आणि तुम्ही दिलात तर एक्सेल तो सोडून देतं आणि फाइल गपचूप उघडते. उलट दिलाच नाही आणि फाइलला असला तर खिडकी येऊन मॅक्रो तिथेच अडकतो, तुम्ही जेवायला गेलात तर परत येईपर्यंत तसाच. त्यामुळे यादीत पासवर्ड रिकामा असेल तिथेही काहीतरी अक्षरं द्याच. चुकीचा असेल तर एरर येईल, ती पकडता येते. खिडकी आली तर पकडायला काही नाही.

फक्त एरर पकडताना एक बघा. चुकीच्या पासवर्डला १००४ नंबरची एरर येते आणि फाइल जागेवर नसेल तरी १००४ च येते. म्हणून नुसता नंबर बघून पासवर्ड चुकला असं लिहू नका, आधी फाइल आहे का तपासा, मग उघडा, आणि तिसऱ्या कॉलममध्ये एररचं पूर्ण वर्णन लिहून घ्या.

पेरोल_लोअरपरळ

सगळं केलं तुम्ही सांगितलं तसं. पण आता नवीनच. मी मॅक्रोला कीबोर्डचा शॉर्टकट दिला, पहिली फाइल पासवर्डसकट उघडते आणि पुढे काहीच होत नाही. एरर नाही, मेसेज नाही, फाइल उघडी पडून राहते. एडिटरमध्ये जाऊन एफ५ दाबलं तर सगळ्या शाखा शेवटपर्यंत नीट होतात! तोच कोड, त्याच फायली. ऑफिसमधला आयटीवाला म्हणतो एक्सेल पुन्हा इन्स्टॉल करू.

वसईची_आर्टिकल

अगं मलाही हेच झालेलं ऑडिटच्या वेळी, शेवटी मी बटण लावून घेतलं आणि बटणावरून चालायला लागलं, पण कारण कळलं नव्हतं कधी. वाचतेय.

गिरगावकर

इन्स्टॉल वगैरे काही करू नका. ताई, शॉर्टकट कुठला दिलाय? त्यात शिफ्ट आहे का?

पेरोल_लोअरपरळ

हो, कंट्रोल शिफ्ट पी. नुसतं कंट्रोल पी दिलं असतं तर प्रिंट गेलं असतं म्हणून मोठा पी दिला.

गिरगावकर

मग तेच कारण. फाइल उघडताना शिफ्ट दाबून धरली तर त्या फाइलमधले आपोआप चालणारे मॅक्रो चालू नयेत अशी एक्सेलमध्ये जुनी सोय आहे. तुम्ही कंट्रोल शिफ्ट पी दाबता, मॅक्रो सुरू होतो, क्षणात वर्कबुक्स डॉट ओपनवर पोचतो, तोपर्यंत तुमचं बोट शिफ्टवरच असतं, आणि एक्सेलला वाटतं की मॅक्रो थांबवायचेत, ते तुमचाच मॅक्रो तिथे तोडतं. एरर येत नाही कारण एक्सेलच्या मते काही चुकलेलंच नाही. एफ५ ला शिफ्ट नाही म्हणून तिथून चालतं, बटणाला पण नाही म्हणून आर्टिकल ताईंचं बटणावरून चाललं. छोट्या अक्षराचा शॉर्टकट द्या, कंट्रोल क्यू घ्या वाटल्यास, किंवा शीटवर बटण ठेवा. मी बटणच सांगेन, उद्या तुम्ही रजेवर असाल तर दुसऱ्याला शॉर्टकट आठवणार नाही.

पेरोल_लोअरपरळ

झालं!! बटण लावलं आणि सगळ्या शाखा एका दमात आल्या. दादा, खरंच मनापासून धन्यवाद, हे कोणी सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं. फक्त भिवंडीच्या दोन फायली राहिल्यात, त्यांची नावं मराठीत आहेत, "पगार_भिवंडी_१" अशी. मॅक्रोला त्या सापडतच नाहीत.

सायन_सर्कल

हा माझा आवडता विषय, कारण महापालिकेच्या, सोसायटीच्या, शाळांच्या कामात मराठी नावाच्या फायली खूप येतात आणि लोक कंटाळून शेवटी फाइलचं नाव इंग्रजी करून टाकतात. गरज नाही त्याची.

व्हीबीएच्या, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिच्या, एडिटरला युनिकोड (मराठीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं लिहायची पद्धत) कळत नाही. कोडमध्ये तुम्ही "पगार" टाइप केलंत की प्रश्नचिन्हं उमटतात. तसंच ते डीआयआर फंक्शन, फोल्डरमधल्या फायली शोधायला सगळे तेच वापरतात, ते पण मराठी नाव प्रश्नचिन्हांमध्ये परत देतं, मग तुम्ही ती प्रश्नचिन्हं वर्कबुक्स डॉट ओपनला देता आणि अशा नावाची फाइल नाही असं उत्तर येतं. पण एक्सेलचा सेल आणि वर्कबुक्स डॉट ओपन, दोघांनाही युनिकोड व्यवस्थित चालतं, मधला डीआयआर घोळ करतो. त्याच्या जागी फाइलसिस्टमऑब्जेक्ट वापरा:

सेट एफएसओ = क्रिएटऑब्जेक्ट("स्क्रिप्टिंग.फाइलसिस्टमऑब्जेक्ट")

आणि मग फाइल आहे का बघायला एफएसओ.फाइलएक्झिस्ट्स, फोल्डरमधल्या सगळ्या फायली फिरायला एफएसओ.गेटफोल्डर(पाथ).फाइल्स. नाव यादीच्या सेलमधूनच वाचा, कोडमध्ये मराठी अक्षर एकही नको. तपासायला मेसेजबॉक्स लावू नका, त्यातही प्रश्नचिन्हंच दिसतील आणि तुम्हाला वाटेल अजून चुकतंय. सेलमध्ये लिहून बघा, तिथे "पगार_भिवंडी_१" सरळ दिसेल. पासवर्ड मराठीत ठेवलेला असला तरी हेच, तो सेलमधून घ्या.

अजून एक, सगळं फोल्डर फिरणार असाल तर ज्या नावाच्या सुरुवातीला लाटेचं चिन्ह आणि डॉलर आहे ती फाइल सोडून द्या. फाइल कोणी उघडून बसलं असेल तर एक्सेल तिथे ही छोटी लपलेली फाइल तयार करतं, डीआयआरला ती दिसत नाही पण फाइलसिस्टमऑब्जेक्टला दिसते.

विक्रोळी_लिंकरोड

धागा छान चाललाय म्हणून इथेच विचारतो. आमच्या ऑफिसातले एक जण सोडून गेले, त्यांनी केलेल्या एका फाइलला उघडायचा पासवर्ड आहे, कोणालाच माहीत नाही. नेटवर एक मॅक्रो फिरतो जो सगळे पासवर्ड लावून बघतो आणि पाच मिनिटांत उघडतो म्हणे. तो इथे कोणी देईल का?

ठाणेकर_सीए

तो मॅक्रो वेगळ्या कुलपाचा आहे. एक्सेलमध्ये दोन गोष्टींना लोक पासवर्डच म्हणतात, पण शीटचं प्रोटेक्शन म्हणजे कोणी चुकून फॉर्म्युला पुसू नये म्हणून लावलेली आडकाठी, आत सगळं उघडंच असतं, मॅक्रोने त्या शीटमधली व्हॅल्यू वाचायला पासवर्ड लागत पण नाही. जुन्या फायलींमध्ये त्या शीटच्या पासवर्डचा फक्त १६ बिटांचा हॅश (पासवर्डवरून गणित करून काढलेला छोटा आकडा) ठेवलेला असायचा, त्यामुळे खरा पासवर्ड कितीही मोठा असला तरी त्याला जुळणारं दुसरं काहीतरी सहज सापडायचं. नेटवरचा तो मॅक्रो ए आणि बी ही दोन अक्षरं अकरा जागी आणि शेवटी एक कुठलंही चिन्ह असं लावत जातो, एकूण १,९४,५६० जोड्या, एवढ्यात काम होतं. एक्सेल २०१३ पासून शीटसाठीही एसएचए ५१२ हा मोठा हॅश आणि त्याच्या एक लाख फेऱ्या आल्या, तिथे तोही चालत नाही.

उघडायचा पासवर्ड ही वेगळीच गोष्ट. एक्सेल २००७ पासून ते एईएस नावाचं मजबूत एन्क्रिप्शन आहे आणि प्रत्येक पासवर्ड तपासायला मुद्दाम हॅशच्या हजारो फेऱ्या कराव्या लागतात, २००७ मध्ये ५० हजार, २०१० पासून एक लाख. धरून चला की तुमचा मॅक्रो सेकंदाला दहा पासवर्ड लावून बघतोय. नुसती इंग्रजी छोटी सहा अक्षरं असतील तरी ३०,८९,१५,७७६ जोड्या होतात, म्हणजे जवळजवळ वर्षभर मशीन चालू ठेवा. आकडे, मोठी अक्षरं आणि आठ जागा म्हटल्या तर तो विचारच सोडा.

मुलुंड_पूर्व

आणि आधी त्यांना फोन करा ना. सोडून गेलेला माणूस फोन उचलतो बऱ्याचदा, नीट विचारलं तर सांगतो. नाहीतर मेलमध्ये शोधा, फाइल कोणाला पाठवली असेल तर पासवर्डचा वेगळा मेल गेला असणार. कंपनीची फाइल आहे आणि मालकाने लेखी सांगितलंय असं असेल, आणि पासवर्डची पद्धत आठवत असेल, म्हणजे शाखेचं नाव आणि पुढे वर्ष वगैरे, तर पंधरा-वीस शक्यता यादीत लिहून वरचाच मॅक्रो त्यांच्यावर चालवा, त्यात काही गैर नाही.

पण फाइल तुमची नसेल, कोणाची पगाराची किंवा खाजगी असेल तर हात लावू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकातली माहिती काढणं येतं. तुमचं तसं आहे असं म्हणत नाही, पण धागा उद्या कोणीही वाचेल म्हणून लिहिलं.

विक्रोळी_लिंकरोड

समजलं. फाइल कंपनीचीच आहे, स्टॉकची. त्यांना आज संध्याकाळी फोन करतो. धन्यवाद दोघांना.

वसईची_आर्टिकल

मला एक खटकतंय. पेरोल ताईंची ती यादी, ज्यात सगळ्या शाखांचे पासवर्ड एका जागी आहेत, ती कोणी पेन ड्राइव्हवर नेली तर सगळ्यांचे पगार उघडे. मग शाखांनी वेगळे पासवर्ड लावून उपयोग काय?

पेरोल_लोअरपरळ

बरोबर विचारलंस. माझ्याही मनात तेच होतं. कोडमध्येच पासवर्ड लिहून व्हीबीए प्रोजेक्टला लॉक लावलं तर?

गिरगावकर

नको, अजिबात नको. प्रोजेक्टचं लॉक म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे, आतला कोड फाइलमध्ये तसाच असतो, थोडं माहीत असलेला माणूस ते काढतो. आणि पासवर्ड बदलला की दर वेळी कोड उघडायचा, हे काही खरं नाही.

यादीची फाइल वेगळी ठेवा, मॅक्रोच्या फाइलमध्ये नको, आणि त्या यादीलाच उघडायचा एक मोठा पासवर्ड लावा, जो फक्त तुम्हाला आणि तुमच्या साहेबांना माहीत असेल. मॅक्रो सुरू झाला की तो एकच पासवर्ड विचारेल, यादी रीडओन्ली उघडेल, सगळे पासवर्ड मेमरीत घेईल, यादी लगेच बंद करेल आणि मग शाखांकडे वळेल. विचारायला इनपुटबॉक्स नका वापरू, त्यात अक्षरं दिसतात, बाजूच्या टेबलावरचा वाचेल. छोटा युजरफॉर्म (स्वतः बनवलेली खिडकी) करा, त्यातल्या टेक्स्टबॉक्सच्या पासवर्डचार या सेटिंगमध्ये फुली किंवा तारा टाका. डायरीपेक्षा हे कितीतरी बरं, डायरी ड्रॉवरमध्ये उघडी असते.

अजून एक ओळ सगळ्यात वर हवी:

ॲप्लिकेशन.ऑटोमेशनसिक्युरिटी = ३

बाहेरून आलेल्या फाइलमध्ये कोणी मॅक्रो घालून पाठवला असेल तर मॅक्रोने उघडलेल्या फाइलमध्ये तो न विचारता चालू शकतो, ही ओळ तो थांबवते. काम झालं की आधीची व्हॅल्यू परत द्या, म्हणून सुरुवातीला ती एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. मेलने आलेल्या पासवर्डवाल्या फाइलवर मी तरी या ओळीशिवाय मॅक्रो चालवणार नाही.

पेरोल_लोअरपरळ

तसंच केलं. यादी वेगळी, तिला वेगळा पासवर्ड, डायरीतलं पान साहेबांसमोर फाडलं. भिवंडीच्या दोन्ही मराठी फायली पण आल्या, तिसऱ्या कॉलममध्ये नाव मराठीत छान दिसतंय. फक्त पनवेलसमोर एरर आहे, पासवर्ड बरोबर नाही म्हणतंय, त्यांनी या महिन्यात बदलला आणि कळवलं नाही असं दिसतंय, फोन लावतेय.

आता हा मॅक्रो माझ्या सहकारी बाईंना मेलने पाठवला तर त्यांच्याकडे वर लाल पट्टी येते आणि चालूच होत नाही. पासवर्डचं काही आहे का ते?

सायन_सर्कल

नाही, पासवर्डचा संबंध नाही. इंटरनेटवरून किंवा मेलवरून आलेल्या फाइलवर विंडोज खूण करून ठेवतं आणि २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने अशा फायलींतले मॅक्रो सरळ बंद केलेत. फाइल आधी सेव्ह करा, तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅबमध्ये सगळ्यात खाली अनब्लॉक असेल त्यावर टिक, ओके. फाइल तुम्हीच पाठवलीत हे त्यांनी तुम्हाला विचारून खात्री करून घ्यावी आणि मगच टिक करावी. ऑफिसचं शेअर फोल्डर असेल तर मेल न करता तिथेच ठेवा, म्हणजे दर वेळी नवीन कॉपी फिरत राहणार नाही.

पेरोल_लोअरपरळ

झालं, बाईंकडे पण चाललं. पनवेलचा नवीन पासवर्ड मिळाला, यादीत टाकलाय, शून्याने सुरू होणारा आहे, कॉलम टेक्स्टच होता.